व्हीआरआरपी सतत फ्लॅप होतंय? आधी हॅलोचा रस्ता शोधा

दोन राउटर, दोन कोअर (मुख्य) स्विच, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या इंटरनेट लाइनी. एवढं सगळं दुहेरी करूनही अधूनमधून अर्धा मिनिट फोन मुके होतात आणि मग आपोआप चालू होतात. नंतर राउटरचा लॉग उघडला की त्यात 'बॅकअप ते मास्टर' आणि लगेच खाली 'मास्टर ते बॅकअप' अशा दोन ओळी सापडतात. एक राउटर पडला की दुसऱ्याने त्याची जागा घ्यायची, ही व्यवस्था म्हणजे व्हीआरआरपी, आणि तिचं असं उलटसुलट होणं म्हणजे फ्लॅप. ही तक्रार मुंबईतल्या लहान-मध्यम ऑफिसांमधून सतत येते, पावसाळ्यात जास्तच. आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी पहिला संशय राउटरवर जातो. 'सर, राउटरच बदलून टाकूया का?' हा प्रश्न ठरलेला.

माझं म्हणणं असं, की बहुतेक वेळा राउटर निर्दोष असतो. तो फक्त सांगत असतो की शेजारच्या राउटरचा हॅलो, म्हणजे 'मी चालू आहे' हा ठरावीक वेळाने येणारा निरोप, ऐकू आला नाही. हॅलो का ऐकू आला नाही, हे राउटरच्या कॉन्फिगरेशनमध्ये बघून कळत नाही. तो हॅलो कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टमधून, कोणत्या केबलने जातो, हे शोधावं लागतं. ते शोधायची पद्धत एका खऱ्या उदाहरणावरून सांगतो आणि मग अशीच लक्षणं दाखवणारी बाकीची कारणं.

आधी थोडी उजळणी, कारण पुढचे आकडे यावरच उभे आहेत. व्हीआरआरपीमध्ये दोन राउटर मिळून एक आभासी आयपी चालवतात आणि कॉम्प्युटर तोच आयपी गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार, म्हणून वापरतात. मास्टर दर सेकंदाला २२४.०.०.१८ या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांनी ऐकायच्या) पत्त्यावर जाहिरात पाठवतो, तिलाच आपण बोलताना हॅलो म्हणतो. ती टीसीपीवर नसते आणि यूडीपीवरही नसते, तिचा आयपी प्रोटोकॉल क्रमांक ११२ असा वेगळाच आहे. तीन जाहिराती हुकल्या आणि वर थोडा वेळ गेला की बॅकअप स्वतः मास्टर होतो. तो 'थोडा वेळ' प्रायॉरिटीवर (हा आकडा ज्याचा जास्त, तो मास्टर) ठरतो: २५६ वजा प्रायॉरिटी, भागिले २५६. प्रायॉरिटी १०० असेल तर एकूण सुमारे ३.६ सेकंद. एचएसआरपी (याच कामाचा सिस्कोचा प्रोटोकॉल) वापरत असाल तर आकडे वेगळे आहेत, ३ सेकंदांचा हॅलो आणि १० सेकंदांचा होल्ड (वाट बघायची मुदत), पण शोधायची पद्धत तीच. एक बारीक गोष्ट: व्हीआरआरपीचं २०२४ मध्ये आलेलं प्रमाण दस्तऐवज, आरएफसी ९५६८, 'मास्टर'ऐवजी 'ॲक्टिव्ह' हा शब्द वापरतं. नव्या फर्मवेअरवर 'ॲक्टिव्ह' दिसलं तर गोंधळू नका. मी इथे जुनाच शब्द ठेवतो, कारण ऑफिसांमधल्या बहुतेक पेट्यांवर अजून तोच दिसतो.

मरोळचं ऑफिस

अंधेरी पूर्वेला मरोळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तीन मजल्यांवर पसरलेलं ऑफिस. सर्व्हर रूम दुसऱ्या मजल्यावर. तिथे दोन कोअर स्विच आणि प्रत्येक कोअरला ट्रंकने (अनेक व्हीलॅन एकत्र नेणाऱ्या लाइनने) जोडलेला एक राउटर. पहिल्या राउटरची प्रायॉरिटी ११०, दुसऱ्याची १००. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यावर एकेक ॲक्सेस स्विच (मजल्यावरची उपकरणं जोडणारा), दोघांनाही दोन्ही कोअरकडे जाणारी अपलिंक. एकाच स्विचवरचे वेगळे ठेवलेले गट, म्हणजे व्हीलॅन, तीन: १० कॉम्प्युटरची, २० कॅमेऱ्यांची, ३० फोनची. प्रत्येक व्हीलॅनचा व्हीआरआरपी ग्रुप त्याच नंबरचा. फोनचा आयपी पीबीएक्स (ऑफिसचं टेलिफोन एक्स्चेंज) दुसऱ्या कोअरला जोडलेला. कागदावर बघितलं तर खोट काढायला जागा नाही.

तक्रार अशी: तिसऱ्या मजल्यावरचे फोन मध्येच मरतात, 'नो सर्व्हिस' दाखवतात आणि अर्ध्या मिनिटात परत येतात. काही मिनिटांनी पुन्हा तसंच एकदा होतं, मग दिवसभर शांत. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांना यातलं काहीही जाणवत नाही. त्यामुळे आधी फोनवाल्या व्हेंडरला बोलावलं. त्याने इंटरनेटवर बोट दाखवलं, इंटरनेटवाल्यांनी राउटरवर. शेवटी राउटर बदलायचं कोटेशन टेबलावर आलं.

दुसऱ्या राउटरच्या लॉगमधल्या ओळी अशा होत्या:

१४:०७:११.४ – व्हीलॅन ३०, ग्रुप ३०, बॅकअप ते मास्टर
१४:०७:३८.९ – व्हीलॅन ३०, ग्रुप ३०, मास्टर ते बॅकअप

या दोन ओळींत अर्ध्याहून जास्त उत्तर आहे, म्हणून इथे जरा थांबू या. पहिली गोष्ट म्हणजे फक्त ग्रुप ३०. ग्रुप १० आणि २० जागचे हलले नाहीत. राउटर हँग झाला असता, सीपीयू चढला असता किंवा राउटर आणि कोअरमधली केबल ढिली असती, तर तिन्ही ग्रुप एकदम पडले असते. म्हणजे दोष एका व्हीलॅनपुरता, आणि एका व्हीलॅनपुरता दोष म्हटलं की स्विचिंगकडे बघायचं. दुसरी गोष्ट, पहिल्या राउटरच्या लॉगमध्ये त्या वेळेला एकही ओळ नव्हती. तो पूर्ण वेळ स्वतःला मास्टरच समजत होता. म्हणजे त्या काळात मास्टर दोन होते. फेलओव्हर झालाच नव्हता, नेटवर्क मधोमध दुभंगलं होतं. तिसरी गोष्ट, दोन ओळींमधलं अंतर साडेसत्तावीस सेकंद. त्यात सुरुवातीचे तीन-साडेतीन सेकंद मिळवले की साधारण तीस होतात. तीस हा आकडा नेटवर्कवाल्याच्या डोक्यात लगेच वाजायला हवा: जुन्या स्पॅनिंग ट्रीमध्ये (लूप होऊ नये म्हणून स्विच जादा रस्ते अडवून ठेवतात ती पद्धत) पोर्ट १५ सेकंद लिसनिंगमध्ये आणि १५ सेकंद लर्निंगमध्ये घालवतो, मग फॉरवर्डिंगला येतो.

आता दुसऱ्या कोअरचा लॉग काढला. १४:०७:०८.२ ला चौथ्या मजल्याकडचा पोर्ट डाऊन. सुमारे तीन सेकंदांनी राउटरची पहिली ओळ.

चौथा मजला? तिथे स्टोअर आणि पँट्री, माणसं मोजकी. तिथला स्विच बंद पडल्याने तिसऱ्या मजल्याचे फोन का जावेत?

घोडं कुठे पेंड खातं ते इथे सापडतं. दुसऱ्या कोअरवर 'शो मॅक ॲड्रेस-टेबल' ही कमांड देऊन ग्रुप ३० चा आभासी मॅक (हार्डवेअरचा पत्ता) कोणत्या पोर्टवर शिकलाय ते बघितलं. व्हीआरआरपीचा मॅक ठरलेला असतो: ००-००-५ई-००-०१ आणि शेवटी ग्रुपचा नंबर, पण हेक्समध्ये, म्हणजे १६ च्या पायावरच्या आकड्यांत. ३० म्हणजे हेक्समध्ये १ई. टेबलमध्ये शेवटी ३० असलेला मॅक शोधत बसलात तर सापडणार नाही. मास्टर पहिल्या कोअरच्या बाजूला आहे, तेव्हा हा मॅक दुसऱ्या कोअरला दोन कोअरमधल्या ट्रंकवर दिसायला हवा होता. तो दिसत होता चौथ्या मजल्याच्या अपलिंकवर.

दोन कोअरमधल्या ट्रंकवर व्हीलॅन ३० परवानगीच्या यादीत नव्हतीच. फोन बसवताना ती नवीन काढली, ॲक्सेस स्विचच्या अपलिंकवर टाकली आणि कोअर-कोअर ट्रंकवर टाकायची राहिली. तरी सगळं चाललं, कारण दोन्ही ॲक्सेस स्विच दोन्ही कोअरना जोडलेले होते. व्हीलॅन ३० च्या स्पॅनिंग ट्रीच्या झाडाला एका कोअरहून दुसऱ्याकडे जायला चौथ्या मजल्याचा रस्ता मिळाला, आणि तिसऱ्या मजल्यावरून जाणारा दुसरा रस्ता लूप होऊ नये म्हणून स्पॅनिंग ट्रीने अडवला. दोन रस्त्यांची किंमत सारखी होती, त्यामुळे निवड ब्रिज आयडीवर (स्विचच्या ओळख क्रमांकावर, लहान तो सरस) गेली आणि चौथ्या मजल्याचा जुना स्विच जिंकला. दोन राउटरमधला हॅलो, फोन आणि पीबीएक्समधलं सगळं बोलणं, हे सारं पँट्रीशेजारच्या त्या छोट्या स्विचमधून वर जाऊन खाली येत होतं.

आणि तो स्विच यूपीएसवर नव्हता. भिंतीतल्या साध्या सॉकेटवर होता.

मुंबईत वीज तासन् तास जात नाही, हे आपलं नशीब. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळसारखा प्रसंग अपवादानेच येतो, जेव्हा ग्रिड बिघडून लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या. पण दिवे क्षणभर मिचकणं, हे पावसाळ्यात चालूच असतं. माणसाला ते जाणवतही नाही. कोअर, राउटर, सर्व्हर यूपीएसवर असल्याने त्यांनाही नाही. यूपीएसबाहेरचा तो एकटा स्विच मात्र तेवढ्यात रीस्टार्ट होतो. तो गेला की दुसऱ्या कोअरचा व्हीलॅन ३० चा रस्ता तुटतो. अडवलेला पोर्ट उघडायला तीस सेकंद लागतात आणि तेवढा वेळ पीबीएक्स आणि दुसरा राउटर एका बेटावर, फोन आणि पहिला राउटर दुसऱ्या. काही मिनिटांनी चौथ्या मजल्याचा स्विच बूट होऊन परत येतो. त्याचा ब्रिज आयडी सरस, म्हणून स्पॅनिंग ट्री पुन्हा त्याच्याकडे वळतं, आणि पुन्हा तीस सेकंद. दोन झटके का बसायचे, त्याचं कारण हे. स्विच जाताना एक, येताना एक.

इथे राउटर बदलला असता तर नव्या राउटरनेही अगदी हेच केलं असतं.

दुरुस्ती कशी केली

काम शनिवारी संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर. पहिलं पाऊल दोन्ही कोअरवर, त्यांच्यामधल्या ट्रंकवर व्हीलॅन ३० वाढवणं. इथे 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन' या कमांडमध्ये 'ॲड' हा शब्द विसरू नका. तो नसेल तर नवी यादी जुन्या यादीची जागा घेते, आणि ३० येताना १० व २० निघून जातात. चालू ऑफिसात असं झालं की त्या व्हीलॅनचं नेटही अडखळतं, आणि तुम्ही त्याच ट्रंकवरून रिमोट लॉगिन केलं असेल तर तुम्हीही बाहेर फेकले जाता. कन्सोल केबल लावून बसा.

दुसरं, स्पॅनिंग ट्रीचा रूट, म्हणजे झाडाच्या मुळाशी असलेला स्विच, हाताने ठरवला; लहान प्रायॉरिटीवाला रूट होतो. पहिल्या कोअरला सगळ्या व्हीलॅनसाठी ४०९६, दुसऱ्याला ८१९२. हा आकडा ४०९६ च्या पटीतच देता येतो. काहीच दिलं नाही तर सगळे ३२७६८ वर असतात आणि सर्वांत लहान मॅकवाला स्विच रूट होतो. तो बरेचदा इमारतीतला सर्वांत जुना स्विच निघतो, कुठेतरी खोक्यांमागे बसलेला. ज्या बाजूला व्हीआरआरपीचा मास्टर, त्याच बाजूला रूट, हा नियम पाळला तर ट्रॅफिक सरळ वर जातं, उगाच आडवा प्रवास करत नाही.

तिसरं, सगळे स्विच रॅपिड पीव्हीएसटीवर, म्हणजे स्पॅनिंग ट्रीच्या जलद प्रकारावर, आणले. यात पोर्ट तीस सेकंद ताटकळत नाही, शेजारी स्विचशी बोलून सेकंदभरात उघडतो. मात्र मोड बदलताना झाड नव्याने बांधलं जातं आणि क्षणभर नेट जातं, म्हणून हे कामाच्या वेळेत करू नये. फोनच्या पोर्टना पोर्टफास्ट (वाट न बघता पोर्ट लगेच उघडणारी सेटिंग), आणि राउटरकडे जाणाऱ्या ट्रंकलाही ट्रंकसाठीचा पोर्टफास्ट. हे दुसरं बरेच जण विसरतात. कोअर रीस्टार्ट झाल्यावर राउटरकडचा पोर्ट तीस सेकंद अडून बसला, तर राउटर एकटा पडतो आणि पुन्हा दोन मास्टर होतात.

चौथं, दोन कोअरमध्ये एकच केबल होती, तिच्या जोडीला दुसरी टाकून पोर्ट-चॅनल (दोन केबलची मिळून एक लाइन) केला. आणि चौथ्या मजल्याचा स्विच यूपीएसच्या लाइनवर घेतला. यूपीएसचं काम इलेक्ट्रिशियनने सर्वांत आधी उरकलं असतं आणि तक्रार तिथेच थांबली असती, पण रोग आत तसाच राहिला असता. एखाद्या दिवशी त्या स्विचची पॅच कॉर्ड सफाई करताना हलली असती आणि सगळं परत पहिल्यापासून. म्हणून आधी रस्ता सरळ केला, मग वीज.

झाल्यावर खात्री दोन तऱ्हेने केली. दुसऱ्या कोअरवर १ई वाला मॅक आता पोर्ट-चॅनलवर दिसतोय का, ते बघितलं. मग चौथ्या मजल्याच्या स्विचची वायर सॉकेटमधून काढली. दोन्ही राउटरचे लॉग गप्प राहिले आणि तिसऱ्या मजल्यावरून पीबीएक्सला लावलेला पिंग तुटला नाही.

दोन मास्टर दिसत असतील तर आणखी कुठे बघाल

व्हीलॅन ट्रंकवर आहे, रस्ता सरळ आहे आणि तरीही दोन्ही राउटर मास्टर म्हणतात, असं असेल तर हॅलो वाटेत कुणीतरी अडवतोय किंवा पोचूनही नाकारला जातोय. अडवणाऱ्यांत पहिला नंबर ॲक्सेस लिस्टचा (काय जाऊ द्यायचं, काय नाही याची यादी). सुरक्षेच्या ऑडिटनंतर कुणीतरी व्हीलॅनच्या इंटरफेसवर आत येणारी लिस्ट लावतं, टीसीपी आणि यूडीपीचे हवे ते पोर्ट उघडतं, शेवटी सगळं बंद. प्रोटोकॉल ११२ दोन्हींत बसत नाही, तो गळतो. एचएसआरपीला यूडीपी १९८५ लागतो. दुसरा नंबर स्वस्त स्विचवरच्या आयजीएमपी स्नूपिंगचा, म्हणजे मल्टिकास्ट फक्त मागणाऱ्या पोर्टलाच द्यायच्या सोयीचा. २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ या पट्ट्यातले पॅकेट व्हीलॅनमधल्या सगळ्या पोर्टवर जायलाच हवेत असं अपेक्षित आहे, पण काही स्विच ते पाळत नाहीत. शंका आली तर त्या एका व्हीलॅनवर स्नूपिंग बंद करून बघा, काय ते लगेच कळतं.

नाकारण्याची कारणं वेगळी. एका बाजूला आवृत्ती २ आणि दुसऱ्या बाजूला ३ असेल तर ते एकमेकांचं ऐकत नाहीत. एक जुना राउटर बदलून नवा बसवला की हे हमखास होतं. आवृत्ती २ मध्ये जाहिरातीचा कालावधी दोन्हीकडे सारखाच लागतो, एकीकडे १ आणि दुसरीकडे ३ दिलं तर पॅकेट टाकून दिलं जातं. ग्रुप नंबर वेगळे असतील तर दोघंही सुखाने मास्टर राहतात आणि एकच आयपी दोन मॅकवर दिसायला लागतो. मग 'डुप्लिकेट आयपी'चे इशारे येतात. अर्धी माणसं म्हणतात नेट आहे, अर्धी म्हणतात नाही.

याच्या उलटही घडतं. एकाच मोठ्या हॉलमध्ये चार कंपन्या बसतात आणि सगळ्यांना इंटरनेट एकाच सामायिक व्हीलॅनवर दिलेलं असतं, अशा जागा अंधेरी-गोरेगाव पट्ट्यात पुष्कळ आहेत. तिथे तुमची फायरवॉलची जोडी आणि शेजाऱ्याची जोडी, दोघांनीही ग्रुप १ ठेवला असेल तर आभासी मॅक एकच होतो. मालकाच्या स्विचवर तो मॅक दोन पोर्टमध्ये उड्या मारतो आणि दोघांचंही नेट अडखळतं. तुमच्या बाजूने तपासून सहज काही सापडत नाही. बाहेरच्या बाजूला ग्रुप नंबर १ कधीच ठेवू नका, हे आधीच केलेलं बरं.

एक गोष्ट मात्र करू नका. फ्लॅप होतंय म्हणून टायमर कमी करून मिलिसेकंदांवर आणू नका. फेलओव्हर जलद होईल या आशेने बरेच जण तेच आधी करतात. हॅलो हुकत असताना टायमर घट्ट केला तर फ्लॅप वाढतो. आणि कारण सापडायच्या आत टायमर सैल केला, तर लक्षण झाकलं जातं. दोन्ही वेळा तुम्ही रोगाला हात लावलेलाच नसतो.

राउटर परत आला आणि नेट गेलं

हीसुद्धा वारंवार येणारी तक्रार, आणि लोकांना ती चमत्कारिक वाटते. पहिला राउटर बंद पडला तेव्हा कुणालाच कळलं नाही. तो परत चालू झाला तेव्हा दोन मिनिटं सगळं ठप्प. कारण व्हीआरआरपीमध्ये प्रीएम्प्ट, म्हणजे जास्त प्रायॉरिटीच्या राउटरने जागा परत घेणं, मुळातच चालू असतं. राउटर बूट झाला, लॅनची बाजू उठली, त्याने हॅलो ऐकला, आपली प्रायॉरिटी जास्त आहे हे बघून लगेच गादी घेतली. तेव्हा त्याची इंटरनेटची बाजू अजून उठलेली नसते. पीपीपीओई (इंटरनेट कंपनीशी लॉगिन) जुळतंय, रूटिंगचे शेजारी जुळतायत. तोवर सगळं ट्रॅफिक त्याच्याकडे येतं आणि तिथेच मरतं. उपाय म्हणजे प्रीएम्प्टला विलंब द्या. तुमचा राउटर चालू झाल्यापासून बाहेर पिंग लागेपर्यंत किती वेळ लागतो, तो एकदा घड्याळ लावून मोजा आणि त्याहून मिनिटभर जास्त ठेवा. एचएसआरपीमध्ये प्रीएम्प्ट मुळात बंद असतं, तिथे हा त्रास सहसा नसतो. उलट मास्टरची जागा परत पहिल्याकडे का येत नाही, असा प्रश्न येतो.

रस्ता खोदला आणि फेलओव्हर झालाच नाही

व्हीआरआरपी फक्त लॅनची बाजू बघतं. बाहेरची लाइन मेली तरी राउटर जिवंत आहे, हॅलो जातोय, मग तो मास्टरच राहणार. म्हणून ट्रॅकिंग लावतात, म्हणजे बाहेरच्या लाइनवर नजर ठेवून ती पडली की प्रायॉरिटी कमी करतात. पण बहुतेक ठिकाणी इंटरफेस अप की डाऊन एवढंच ट्रॅक केलेलं असतं, आणि मुंबईत ते कामाला येत नाही. रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटते तुमच्या ऑफिसपासून दूर कुठेतरी. तुमच्या रॅकमधला ओएनटी किंवा मीडिया कन्व्हर्टर (फायबरचं इथरनेट करणारी पेटी) मात्र चालू असतो. त्याच्यावर एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा लागतो, पण राउटरकडचा इथरनेट पोर्ट हिरवाच. राउटरच्या मते लाइन उत्तम.

त्यामुळे ट्रॅकिंग पिंगवर लावा, बाहेरच्या एखाद्या पत्त्यावर. फक्त इंटरनेटवाल्याच्या पहिल्या गेटवेवर नको, कारण बरेचदा तो गेटवे जिवंत असतो आणि त्याच्या पुढचं तुटलेलं असतं. जो पत्ता निवडाल, त्यासाठी त्या राउटरवर त्याच लाइनमधून जाणारा वेगळा स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेला मार्ग) टाका. हे केलं नाही तर मजेदार वाटणारा पण फार त्रासदायक चक्कर सुरू होतो. लाइन मेली, पिंग थांबला, राउटरने डीफॉल्ट रूट दुसऱ्या राउटरकडे वळवला. आता पिंग दुसऱ्याच्या लाइनमधून यशस्वी, म्हणून ट्रॅक पुन्हा अप, रूट परत मेलेल्या लाइनवर, पिंग पुन्हा बंद. दर काही सेकंदांनी हेच. लॉग भरून जातो आणि दोष सरसकट व्हीआरआरपीवर येतो. ट्रॅकलाही विलंब द्या. खाली जायला दहा सेकंद, वर यायला एक मिनिट, एवढं बहुतेक ठिकाणी पुरतं.

बेरीज-वजाबाकी तपासा, ही सगळ्यांत जास्त हुकणारी जागा. पहिला ११०, दुसरा १००, आणि ट्रॅक पडल्यावर १० वजा. उरले १००. व्हीआरआरपीत बॅकअप तेव्हाच पुढे येतो, जेव्हा मास्टरची प्रायॉरिटी त्याच्यापेक्षा कमी असते. बरोबरी झाली तर तो मागेच बसतो. सिस्कोवर वजावटीचा मूळ आकडा १० आहे, त्यामुळे ज्यांनी तो हाताने बदलला नाही त्यांचं ट्रॅकिंग असून नसल्यासारखं. २० वजा करा. आणि दुसऱ्या राउटरवर प्रीएम्प्ट चालू आहे ना, तेही बघा. नसेल तर प्रायॉरिटी कितीही घसरली तरी तो हलणार नाही.

दोन कंपन्यांच्या लाइनी म्हणजे दोन वेगळे रस्ते, असंही धरून चालू नका. इमारतीच्या गेटपासून शाफ्टपर्यंत दोघांची फायबर एकाच पाइपातून येते, असं फार ठिकाणी आहे. वॉचमनला घेऊन खाली जा आणि डोळ्यांनी बघा. एक लाइन जमिनीखालून आणि एक गच्चीवरून आली, तर एकाच खोदकामात दोन्ही जात नाहीत. गच्चीवरची पावसात त्रास देते, हे मान्य, पण दोन्ही एकाच वेळी जायची शक्यता कमी होते.

चाचणी

दोन्ही राउटर आणि सगळ्या स्विचवर एनटीपी (घड्याळं जुळवणारी सेवा) लावल्याशिवाय चाचणीला हात घालू नका. लॉगमध्ये मिलिसेकंद चालू करा, वेळ भारतीय प्रमाणवेळेत ठेवा. मरोळच्या उदाहरणात तीन सेकंदांचं अंतर दिसलं, ते घड्याळं जुळलेली होती म्हणून. दोन पेट्यांची घड्याळं चार मिनिटांनी पुढेमागे असती तर चौथ्या मजल्याचं नावसुद्धा निघालं नसतं.

लॅनवरच्या एका लॅपटॉपवर चार खिडक्या उघडा. आभासी आयपी, पहिल्या राउटरचा खरा आयपी, दुसऱ्याचा खरा आयपी आणि बाहेरचा एखादा पत्ता, असे चार पिंग सतत चालू ठेवा. कोणता तुटला आणि कोणता नाही, यावरून दोष लॅनमध्ये आहे की बाहेर, ते तिथल्या तिथे दिसतं. मग एकेक गोष्ट काढा. पहिल्या राउटरची वीज काढा. तो परत आला की त्याची बाहेरची लाइन काढा, पण केबल राउटरमधून न उपसता ओएनटीमागची फायबर हळूच सोडवून, म्हणजे खोदकामासारखी परिस्थिती होईल. मग दोन कोअरमधल्या दोन केबलपैकी एक. मग प्रत्येक ॲक्सेस स्विचची वीज, पाळीपाळीने. हे शेवटचं कुणीच करत नाही, आणि हॅलो भलत्याच वाटेने जात असेल तर तो इथेच पकडला जातो. प्रत्येक पावलानंतर दोन्ही राउटरवर एकाच वेळी 'शो व्हीआरआरपी ब्रीफ' बघा. प्रत्येक ग्रुपला मास्टर एकच हवा.

सगळं नीट असेल तर राउटर गेल्यावर आभासी आयपीचे तीन-चार पिंग हुकतात, त्याहून जास्त नाही. बाहेरच्या लाइनच्या फेलओव्हरला ट्रॅकच्या विलंबामुळे पंधरा-वीस सेकंद लागतात. आणि लाइन बदलली की सार्वजनिक आयपी बदलतो, म्हणून चालू व्हिडिओ कॉल आणि व्हीपीएन तुटून पुन्हा जोडावे लागतात. हे दोन राउटरच्या कोणत्याही सेटिंगने टळत नाही, ऑफिसातल्या लोकांना आधीच स्पष्ट सांगून ठेवा. ऑफिसचा आयपी बँकेच्या किंवा ब्रोकरच्या पोर्टलवर नोंदवलेला असेल तर तिथे दोन्ही लाइनींचे आयपी नोंदवून घ्या. नाहीतर फेलओव्हर व्यवस्थित होतो, बाकी सगळ्या साइट उघडतात, आणि अकाउंट्सवाल्यांचं पेमेंट मात्र अडकून राहतं.